वूहानची लढाई

वूहानची लढाई : दुसऱ्या चीन–जपान युद्धातील (१९३७–४५) एक प्रदीर्घ व दूरगामी परिणामांची लढाई. जून ते ऑक्टोबर १९३८ या काळात ती मध्य चीनमधील यांगत्सी नदीच्या खोऱ्यात व तिच्या दोन्ही तीरांवरील डोंगराळ प्रदेशांत लढली गेली. उभय पक्षांचे मिळून दहा लाखांहून अधिक सैनिक तीत गुंतले होते. आन्ह्वे, होनान, जिआंगसी व हूपे या प्रांतांत तिची आघाडी पसरली होती. ऑक्टोबरच्या अखेरीस जपानी सैन्याने वूहान जिंकले. तथापि चीनला शरण आणून युद्ध त्वरित संपविण्याचा जपानचा जो मूळ हेतू होता, तो सफल झाला नाही. या लढाईनंतर द्रुत निर्णयाच्या युद्धाचे पर्व संपले आणि उभय पक्षांची शक्ती क्षीण करणारे दीर्घ युद्ध सुरू झाले. वूहानच्या बचावाने चीनने जो अवधी मिळविला, त्याची किंमत सैनिकांबरोबरच लक्षावधी शेतकऱ्यांनाही मोजावी लागली. त्यामुळे या लढाईचा विचार केवळ जयापजयाच्या दृष्टीने करता येत नाही.

वूहानचे महत्त्व : वूहान हे वूचांग, हँको व हानयांग या तीन नगरांचे मिळून झालेले शहर आहे. यांगत्सी व तिला मिळणारी हान नदी यांच्या संगमावर ते वसले असून शांघायपासून सु. १,००० किमी. आत आहे. मोठ्या आगबोटी येथवर येऊ शकत. १९०६ मध्ये पूर्ण झालेला पीकिंग–हँको लोहमार्ग उत्तरेकडून हँकोपर्यंत, तर १९३६ मध्ये पूर्ण झालेला कँटन–हँको लोहमार्ग दक्षिणेकडून वूचांगपर्यंत येत असे. नदीवर पूल नसल्याने दोहोंमधील वाहतूक नावांतून करावी लागे. शांघाय जपानच्या हाती गेल्यानंतर परदेशी शस्त्रास्त्रे मुख्यतः हाँगकाँग व कँटन येथे उतरून याच लोहमार्गाने वूहानला येत. हानयांग येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेला लोखंडाचा व शस्त्रास्त्रांचा कारखाना होता. वूहानला राजकीय प्रतिष्ठाही होती. कारण मांचू राजवट उलथून टाकणाऱ्या क्रांतीचा उठाव १० ऑक्टोबर १९११ रोजी वूचांग येथेच झाला होता.

पार्श्वभूमी : ७ जुलै १९३७ रोजी पीकिंगजवळील मार्को पोलो पुलावरील चकमकीतून युद्धाला तोंड फुटले. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९३७ या काळात शांघायच्या लढाईत चँग कै-शेक याने जर्मन सल्लागारांच्या मार्गदर्शनाखाली तयार केलेल्या उत्कृष्ट डिव्हिजन पुढे केल्या. त्यांतील बहुतेकांची वाताहत झाली. १३ डिसेंबर १९३७ रोजी नानकिंग पडले. त्यानंतर जपानी सैन्याने तेथील युद्धकैद्यांची व नागरिकांची भीषण कत्तल केली. चिनी शासनाने सेचवान प्रांतातील चुंगकिंग ही राजधानी जाहीर केली असली, तरी लष्करी मुख्यालय व महत्त्वाची बहुतेक मंत्रालये वूहानलाच होती. जर्मन राजदूतामार्फत चाललेल्या समेटाच्या वाटाघाटी फिसकटल्या. १६ जानेवारी १९३८ रोजी जपानचा पंतप्रधान कोनोए फुमिमारो याने चँगच्या शासनाशी यापुढे कोणताही व्यवहार केला जाणार नाही, असे घोषित केले. या घोषणेने जपानने तडजोडीचा मार्ग स्वतःच बंद करून घेतला व लष्करी विजय हा एकच उपाय त्याच्यापुढे उरला.

वूहानमधील दहा महिन्यांचा काळ चिनी राजकीय जीवनात अपवादात्मक ठरला. कुओमिंतांग व साम्यवादी पक्ष यांच्यातील संयुक्त आघाडी या काळात सर्वांत अधिक सलोख्याची होती. साम्यवाद्यांचे दैनिक जानेवारी १९३८ मध्ये हँकोतून निघू लागले. चौ एन-लाय याने लष्कराच्या राजकीय विभागाचा उपप्रमुख म्हणून काम पाहिले. निरनिराळ्या पक्षांचे प्रतिनिधी असलेल्या राष्ट्रीय सल्लागार परिषदेचे पहिले अधिवेशन जुलै १९३८ मध्ये येथेच भरले. उत्तर व पूर्व चीनमधून आलेल्या निर्वासितांनी शहर भरून गेले. त्यांत विद्यार्थी, लेखक, कारागीर व अनाथ मुले मोठ्या संख्येने होती. लष्करी शिस्तीच्या बाबतीत चँगने कठोर धोरण स्वीकारले. शानतुंग प्रांत न लढता सोडून देणारा सेनापती हान फू-चू याला जानेवारी १९३८ मध्ये वूचांग येथे देहदंड देण्यात आला.

मार्च-एप्रिल १९३८ मध्ये तायअरज्वांग येथे ली त्सुंग-रेनच्या सैन्याने जपानी सैन्याचा पराभव केला. या विजयाने चिनी जनतेचा आत्मविश्वास वाढला. परंतु जपानने मोठी कुमक आणून १९ मे रोजी श्यूजौ हे लोहमार्गाचे केंद्र घेतले. तेथील चिनी सैन्याचा मोठा भाग वेढ्यातून निसटला. पण श्यूजौहून पश्चिमेकडे जंगजौपर्यंत व तेथून लोहमार्गाने थेट दक्षिणेस वूहानपर्यंत जाण्याचा मार्ग जपानला मोकळा झाला. ६ जून रोजी खायफंग पडले.

पीत नदीचा बांध : जपानी सैन्य जंगजौच्या समीप आले असता चिनी लष्कराने पीत नदीचा (ह्वांग हो) दक्षिणेकडील बांध फोडण्याचा निर्णय घेतला. पहिले प्रयत्न फसल्यानंतर ९ जून १९३८ रोजी जंगजौजवळील ह्वायुआनखौ येथे बांधाला खिंडार पाडण्यात यश आले. पावसाळ्याच्या तोंडाशी नदीचे पाणी आग्नेयेस वळले आणि होनान, आन्ह्वे व जिआंगसू या प्रांतांतील सपाट व सुपीक भूमी जलमय करीत ते ह्वाय नदीस जाऊन मिळाले. जपानी सैन्याच्या काही तुकड्या पुरात अडकल्या, त्यांची सामग्री वाया गेली आणि लोहमार्गाने वूहानवर चालून जाण्याचा बेत त्यांस सोडावा लागला.

गुप्तता राखण्यासाठी पूरप्रदेशातील बहुसंख्य रहिवाशांना पूर्वसूचना देण्यात आली नव्हती. बांध जपानी बाँबफेकीने फुटला, असा प्रचार चिनी शासनाने त्या वेळी केला. पुरात व त्यानंतरच्या उपासमारीत आणि रोगराईत किती माणसे दगावली याविषयी मतभेद आहेत. युद्धोत्तर चिनी अंदाजानुसार ही संख्या आठ लाखांहून अधिक होती. अलीकडील संशोधक ती चार ते पाच लाखांच्या आसपास मानतात. घरदार सोडावे लागलेल्यांची संख्या काही दशलक्षांच्या घरात जाते. नदी जवळजवळ नऊ वर्षे नव्या पात्रातून वाहत राहिली व १९४७ मध्येच तिला पूर्वीच्या पात्रात आणता आले. होनानमध्ये १९४२-४३ साली पडलेल्या दुष्काळाची तीव्रता वाढविण्यासही शेतीची ही हानी काही अंशी कारणीभूत झाली. बांध फोडल्यामुळे वूहानच्या बचावास काही आठवड्यांचा, कदाचित काही महिन्यांचा, अवधी मिळाला. मात्र आपल्याच प्रजेवर असे संकट लोटण्याचा अधिकार शासनास पोहोचतो काय, हा प्रश्न चिनी इतिहासलेखनात आजही वादाचा आहे.

उभय पक्षांची सिद्धता : १५ जून १९३८ रोजी तोक्यो येथे सम्राटाच्या उपस्थितीत झालेल्या बैठकीत वूहान व कँटन जिंकण्याचा निर्णय झाला. मोहिमेचे नेतृत्व मध्य चीनमधील जपानी सेनेचा प्रमुख जनरल हाता शुनरोकु याच्याकडे होते. त्याच्या हाताखाली दोन सेना होत्या : यांगत्सीच्या दोन्ही तीरांनी पुढे सरकणारी जनरल ओकामुरा यासुजी याची अकरावी सेना आणि ताब्ये पर्वताच्या उत्तरेकडून वळसा घालून पीकिंग–हँको लोहमार्ग तोडण्यासाठी निघालेली राजपुत्र हिगाशिकुनी याची दुसरी सेना. नऊ डिव्हिजन व एक स्वतंत्र ब्रिगेड मिळून हे सैन्य सु. साडेतीन लाख होते. नदीतून चाल करणारे नौदल व प्रबळ विमानदल हे त्याचे मोठे बळ होते. मात्र यांतील काही डिव्हिजन वयस्क राखीव सैनिकांमधून नव्याने उभारलेल्या होत्या.

चीनच्या बाजूने यांगत्सीच्या उत्तरेस पाचवे युद्धक्षेत्र ली त्सुंग-रेन याच्याकडे होते. तो आजारी असताना ते पाय चुंग-शी याने सांभाळले. दक्षिणेस नव्याने स्थापन झालेले नववे युद्धक्षेत्र चेन चंग याच्याकडे होते; त्याच्या हाताखाली श्वे यूए व चांग फा-क्वे हे प्रमुख सेनानी होते. कागदोपत्री सु. १२० डिव्हिजन व दहा लाखांच्या आसपास सैनिक उपलब्ध होते. पण पुष्कळ डिव्हिजनांचे संख्याबळ अपुरे होते, शस्त्रे विविध देशांची व बनावटींची होती, जड तोफा थोड्या होत्या आणि निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या सैन्यांची निष्ठा मुख्यतः आपापल्या सेनापतींवर होती. जपानशी मैत्री जोडणाऱ्या जर्मनीने आपले लष्करी सल्लागार परत बोलाविले. त्यांचा प्रमुख फाल्केनहाउझेन जुलैमध्ये चीन सोडून गेला. उलट, ऑगस्ट १९३७ मध्ये अनाक्रमणाचा करार केलेल्या सोव्हिएट रशियाने कर्जे, विमाने व स्वयंसेवक वैमानिक पाठविले.

चँगने शांघाय व नानकिंग येथील चुका टाळण्याचे ठरविले. शहराच्या तटाशी निकराची लढाई देऊन सैन्य अडकवून घेण्याऐवजी शहराबाहेर शेकडो किमी. अंतरावरील डोंगर, सरोवरे व नदीकाठचे दुर्ग यांच्या आश्रयाने टप्प्याटप्प्याने प्रतिकार करावा, शत्रूची शक्ती झिजवावी व वेढा पडण्यापूर्वी मागे हटावे, अशी ही योजना होती. ‘वूहान राखावयाचे तर ते वूहानबाहेर राखले पाहिजे’ या विचाराचा पुरस्कार चेन चंग करीत असे. याच सुमारास, मे-जून १९३८ मध्ये, येनान येथे माओ त्से-तुंग याने दीर्घ युद्धासंबंधी व्याख्याने दिली. भूमीच्या मोबदल्यात वेळ मिळविण्याचा विचार, मार्ग भिन्न असले तरी, उभय चिनी पक्षांत त्या वेळी रुजला होता.

नदीमार्गे चढाई : १२ जून रोजी जपानी सैन्याने आनचिंग घेतले व तेथील विमानतळ त्यांना मिळाला. यांगत्सीच्या अरुंद भागात मादांग येथे चिन्यांनी दगड भरलेली जहाजे बुडवून, सुरुंग पेरून व काठावर तोफा बसवून भक्कम अडसर उभारला होता. तो दीर्घकाळ टिकेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात जपान्यांनी अडसर टाळून खालच्या बाजूस सैनिक उतरविले व मागील बाजूने हल्ला करून २६ जून रोजी मादांग घेतले. मदतीस पाठविलेली डिव्हिजन वेळेवर पोहोचली नाही. तिच्या सेनापतीस नंतर देहदंड देण्यात आला. ४ जुलै रोजी पोयांग सरोवराच्या मुखावरील हूखौ व २६ जुलै रोजी ज्यूज्यांग हे मोठे बंदर पडले.

याच वेळी मँचुरिया, कोरिया व रशिया यांच्या सीमेवर चांगकूफंग येथे जपानी व रशियन सैन्यांत चकमकी उडाल्या (जुलै-ऑगस्ट १९३८). हा तंटा ११ ऑगस्ट रोजी मिटल्यावर जपानची उत्तरेकडील चिंता तात्पुरती दूर झाली. २२ ऑगस्ट रोजी वूहान घेण्याचा औपचारिक आदेश निघाला.

दक्षिण तीरावरील लढाया : ज्यूज्यांगच्या दक्षिणेस लू पर्वत व मूफू डोंगररांगा पसरलेल्या आहेत. ज्यूज्यांगपासून नानचांगकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील द-आन हे ठिकाण जपानी सैन्याचे लक्ष्य होते. अरुंद वाटा, भातखाचरे व दाट झाडी यांमुळे रणगाडे व जड तोफा यांचा तेथे विशेष उपयोग होईना. २४ ऑगस्टला रुईचांग पडले. तरी श्वे यूएच्या सैन्याने पर्वतीय भागात चिवट प्रतिकार चालू ठेवला. सप्टेंबरच्या अखेरीस जपानची १०६ वी डिव्हिजन चिनी आघाडीतील फटीतून पश्चिमेकडे शिरली. द-आनच्या पश्चिमेस वानजियालिंगच्या डोंगराळ भागात श्वे यूएने तिला चोहोंकडून वेढले. मदतीस येणाऱ्या जपानी तुकड्या वाटेतच रोखण्यात आल्या. वेढ्यातील सैनिकांना विमानांतून अन्न व दारूगोळा टाकावा लागला. ७ ऑक्टोबरपासून चिन्यांनी चढविलेल्या निकराच्या हल्ल्यांत या डिव्हिजनची अपरिमित हानी झाली. तिचे अवशेष बाहेरून आलेल्या कुमकेच्या साह्याने कसेबसे सुटले. जपानी हानीचे चिनी आकडे जपानी नोंदींपेक्षा बरेच मोठे आहेत; परंतु एक संपूर्ण डिव्हिजन लढण्यास अक्षम झाली, याविषयी दुमत नाही. १९११ च्या क्रांतीच्या वर्धापनदिनी, १० ऑक्टोबरला, या विजयाची वार्ता चीनभर पसरली व तायअरज्वांगनंतरचा मोठा विजय म्हणून तिचे स्वागत झाले.

उत्तर तीर व ताब्ये पर्वत : यांगत्सीच्या उत्तर तीराने जपानची सहावी डिव्हिजन पुढे सरकली. ऑगस्टमध्ये ह्वांगमेय व ६ सप्टेंबरला ग्वांगजी पडल्यानंतर थ्येनजियाजन या नदीकाठच्या दुर्गावर जपानी भूदल, नौदल व विमानदल यांनी संयुक्त हल्ला केला. वूहानपूर्वीचे हे अखेरचे मोठे ठाणे होते. सु. दोन आठवड्यांच्या घनघोर लढाईनंतर २९ सप्टेंबर रोजी ते पडले आणि नदीचा मार्ग जपानी युद्धनौकांना खुला झाला.

दुसरी सेना ऑगस्टच्या अखेरीस हफे परिसरातून निघाली. २८ ऑगस्टला लूआन पडले. फूजिन डोंगरावर सुंग शी-लियन याच्या सैन्याने जपानच्या तेराव्या डिव्हिजनला सु. दहा दिवस थोपवून धरले. ह्वांगच्वान येथे चांग त्स-चुंग याच्या सैन्यानेही असाच प्रतिकार केला. त्यानंतर या सेनेचे दोन भाग झाले. एकाने पश्चिमेकडे जाऊन १२ ऑक्टोबर रोजी शिनयांग घेतले व पीकिंग–हँको लोहमार्ग तोडला. दुसरा भाग ताब्ये पर्वत ओलांडून सरळ वूहानकडे उतरू पाहत होता. परंतु खिंडी अडवून बसलेल्या चिनी सैन्याने त्याला एक महिन्याहून अधिक काळ डोंगरांतच गुंतवून ठेवले. वूहान पडेपर्यंत हा भाग पर्वताबाहेर पडू शकला नाही.

हवाई युद्ध, विषारी वायू व रोगराई : वूहानवरील हवाई लढाया भूमीवरील मोहिमेपूर्वीच सुरू झाल्या होत्या. १८ फेब्रुवारी, २९ एप्रिल व ३१ मे १९३८ रोजी चिनी व सोव्हिएट वैमानिकांनी जपानी विमानांना तोंड दिले. यांपैकी २९ एप्रिल हा जपानी सम्राटाचा जन्मदिन होता. मे महिन्यात दोन चिनी बाँबफेकी विमानांनी जपानच्या क्यूशू बेटावर जाऊन बाँबऐवजी पत्रके टाकली. तथापि विमानांची संख्या घटत गेल्याने पुढे हवाई वर्चस्व जपानकडेच राहिले. भूमीवरील लढायांत जपानी सैन्याने विषारी वायूचा वारंवार वापर केला. जपानी लष्करी कागदपत्रांच्या अभ्यासावरून ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात तो सु. ३७५ वेळा वापरला गेल्याचे जपानी इतिहासकारांनीच दाखवून दिले आहे. चिनी सैनिकांपाशी वायुप्रतिबंधक मुखवटे फारच थोडे असल्याने त्यांची हानी अधिक झाली. उन्हाळ्यातील तीव्र उकाडा, हिवताप, अतिसार व पटकी यांनी दोन्ही सैन्यांस ग्रासले. आजारी पडलेल्या जपानी सैनिकांची संख्या रणात मृत व जखमी झालेल्यांहून कितीतरी अधिक होती.

कँटनचा पाडाव व वूहानमधून माघार : सप्टेंबरच्या अखेरीस यूरोपमध्ये म्यूनिक करार झाला. ब्रिटन व फ्रान्स यूरोपातील पेचात गुंतले असल्याने हाँगकाँगनजीकच्या प्रदेशात ते हस्तक्षेप करणार नाहीत, अशी जपानची खात्री झाली. १२ ऑक्टोबर रोजी जपानी सैन्य बायस उपसागरात उतरले व २१ ऑक्टोबर रोजी फारसा प्रतिकार न होता कँटन पडले. दक्षिणेकडील सैन्याचा मोठा भाग वूहानच्या बचावासाठी नेलेला असल्याने कँटनचे संरक्षण दुबळे झाले होते. कँटन गेल्याने तेथून वूहानकडे येणारा लोहमार्ग निरुपयोगी झाला. वूहान राखण्याचे एक मुख्य प्रयोजनच त्यामुळे उरले नाही.

चँगने माघारीचा आदेश दिला व २४ ऑक्टोबरच्या रात्री त्याने स्वतः शहर सोडले. त्याच दिवशी वूचांगच्या वरच्या बाजूस जिनखौजवळ ‘चुंगशान’ ही चिनी युद्धनौका जपानी विमानांनी बुडविली. जपानी सैन्य २५ ऑक्टोबर रोजी हँकोत, २६ रोजी वूचांगमध्ये व २७ रोजी हानयांगमध्ये शिरले. हाती आलेल्या शहरात त्यांना चिनी सैन्य सापडले नाही. ते पश्चिमेस व दक्षिणेस सुरक्षितपणे निघून गेले होते.

उद्योगांचे स्थलांतर : माघारीपूर्वीच्या महिन्यांत वूहानमधील यंत्रसामग्री पश्चिमेकडे हलविण्याचे काम जोरात चालले होते. हानयांगच्या लोखंडाच्या व शस्त्रांच्या कारखान्यांचे महत्त्वाचे भाग, सूतगिरण्यांची यंत्रे, शासकीय दप्तरे, विद्यापीठांचे ग्रंथ व प्रयोगशाळा जहाजांतून यीचांग येथे नेण्यात आल्या. यीचांगच्या पुढे यांगत्सीच्या खोल घळी सुरू होतात. तेथे मोठी जहाजे जाऊ शकत नसल्याने सर्व माल लहान आगबोटींत व नावांत चढवावा लागे. शरद ऋतूत यीचांगच्या धक्क्यावर यंत्रांचे ढीग व हजारो माणसे अडकून पडली होती. मिनशंग या खाजगी जहाज कंपनीचा संस्थापक लू त्स-फू याने, हिवाळ्यात नदीचे पाणी उतरण्यापूर्वीच, टप्प्याटप्प्याच्या वाहतुकीची योजना आखून हा भार सेचवानमध्ये पोहोचविला. पुढील सात वर्षे चीनला जी शस्त्रे व जो दारूगोळा देशातच तयार करता आला, त्याचा पाया या स्थलांतराने घातला.

भारतीय वैद्यकीय पथक : चीनवरील आक्रमणाविषयी भारतात तीव्र सहानुभूती होती. साम्यवादी सेनापती चू-तेह याने जवाहरलाल नेहरूंना पत्र पाठवून वैद्यकीय साहाय्य मागितले. सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असताना काँग्रेसने निधी जमवून पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. मदनमोहनलाल अटल हे त्याचे प्रमुख होते. नागपूरचे चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस, तसेच कलकत्त्याचे विजयकुमार बसू व देबेश मुखर्जी हे अन्य सदस्य होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून निघालेले हे पथक कँटनमार्गे सप्टेंबरच्या अखेरीस हँकोत पोहोचले. त्या वेळी थ्येनजियाजन व द-आन आघाड्यांवरील जखमींची तेथे रीघ लागली होती. शहर पडण्यापूर्वी पथक यीचांगमार्गे चुंगकिंगला गेले व १९३९ च्या प्रारंभी येनान येथे पोहोचले. कोटणीस यांनी पुढे उत्तर चीनमधील रणक्षेत्रात शल्यचिकित्सक म्हणून काम केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या जीवनावरील व्ही. शांताराम यांचा डॉ. कोटनीस की अमर कहानी हा चित्रपट १९४६ मध्ये प्रदर्शित झाला.

हानी : हानीच्या आकड्यांविषयी मतभेद आहेत. चिनी सैन्यातील मृत व जखमी यांची संख्या सु. अडीच लाख वा त्याहून अधिक धरली जाते. जपानी नोंदींनुसार त्यांचे मृत व जखमी मिळून सु. तीस हजार होते. रोगग्रस्तांचा त्यांत समावेश नाही. चिनी बाजूने जपानी हानी दोन लाखांहून अधिक सांगितली, ती बहुतेक अभ्यासक अतिशयोक्त मानतात. बाँबफेक, पूर, उपासमार व स्थलांतर यांत बळी पडलेल्या नागरिकांची गणना या आकड्यांत नाही.

परिणाम व मूल्यमापन : वूहानच्या विजयाप्रीत्यर्थ जपानमध्ये मिरवणुका निघाल्या, परंतु युद्ध संपले नाही. ३ नोव्हेंबर १९३८ रोजी कोनोएने ‘पूर्व आशियातील नव्या व्यवस्थे’ची घोषणा केली व जानेवारीतील ताठर भूमिका काहीशी सैल केली. तिला प्रतिसाद म्हणून कुओमिंतांगचा ज्येष्ठ नेता वांग चिंग-वे डिसेंबरमध्ये चुंगकिंग सोडून गेला व पुढे त्याने नानकिंग येथे जपानधार्जिणे शासन स्थापन केले. पण चँगचे शासन मोडले नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस नानयूए येथील लष्करी परिषदेत त्याने युद्धाचा पहिला टप्पा संपून दुसरा सुरू झाल्याचे सांगितले.

जपानचे बहुतेक भूदल या सुमारास चीनमध्ये गुंतले होते. जिंकलेल्या प्रदेशात शहरे व लोहमार्ग त्याच्या ताब्यात होते. खेडी व डोंगर नव्हते. वूहाननंतर मोठ्या प्रदेशविस्ताराची मोहीम हाती घेण्याचे सामर्थ्य जपानपाशी उरले नाही. १९३९ पासून चुंगकिंगवर दीर्घकाळ बाँबवर्षाव, आर्थिक नाकेबंदी व फितुरीस उत्तेजन ही साधने त्याने अवलंबिली. युद्धातून बाहेर पडता येईना व ते जिंकताही येईना, या कोंडीतून जपान पुढे आग्नेय आशियाकडे व अखेर अमेरिकेशी संघर्षाकडे वळला, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे.

चीनच्या दृष्टीने हे यश मर्यादित व महागडे होते. पूर्वेकडील समृद्ध प्रांत, बंदरे व महसुलाची मुख्य साधने गेली. माघारीच्या मनःस्थितीत विवेक किती सहज सुटतो, हे वूहान पडल्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांत दिसून आले. १२-१३ नोव्हेंबरच्या रात्री हूनान प्रांताची राजधानी चांगशा येथे, शत्रू अद्याप दूर असताना, अधिकाऱ्यांनी घाईने लावलेल्या आगीत शहराचा बहुतांश भाग जळाला व हजारो नागरिक मरण पावले. ह्वायुआनखौ व चांगशा या दोन घटना, शत्रूस काहीही मिळू नये म्हणून आखलेल्या धोरणाचा भार प्रथम कोणावर पडतो, हे दाखवितात.

लष्करी दृष्ट्या पाहता वूहानची लढाई जपानने जिंकली. मात्र तीत चिनी सैन्याचा संपूर्ण नाश झाला नाही, उद्योगांचा काही भाग वाचला आणि प्रतिकार चालू ठेवण्याची इच्छा टिकून राहिली. पहिल्या सोळा महिन्यांत पीकिंग, शांघाय, नानकिंग, कँटन व वूहान ही शहरे घेऊनही जपानला जो निर्णय मिळाला नाही, तो पुढील सात वर्षांतही त्याला मिळू शकला नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली, तेव्हा वूहान अद्याप त्याच्या सैन्याच्याच ताब्यात होते.